चौथ्या विहिरीत कोण हाय?

आमच्या पेंटरनं एकदा पावसाला पंधरा दिवस थांबायला सांगितलं होतं. तेही दुष्काळात आणि चारचौघांत. गावात धोंडी निघाली होती. अंगाला कडुनिंबाचा पाला बांधून चार जण दारोदार फिरतात, ज्याच्या दारात येतील त्यानं त्यांच्या अंगावर पाणी ओतायचं, म्हणजे पाऊस येतो अशी आमच्याकडची रीत. प्यायला पाणी नव्हतं, तरी लोकांनी धोंडीपुरता तांब्या राखून ठेवलेला. पेंटरच्या बायकोनंही ओतला. तिच्या मागं दारात ब्रश पुसत उभा असलेला पेंटर म्हणाला, "मागा, मागा. पन पंधरा दिसांनी ये म्हनावं. माझं काम चालू हाय."

गाव चवताळलं. सरपंच पुढं झाले. "पेंटर, जनावरं छावनीत चाललीत आन् तुमाला पाऊस नको?"

"नको कुटं म्हनलो? हवाच की. जरा उशिरा. तुमी शाळेचा पत्रा दोन वर्सं उशिरा टाकला, आमी काय म्हनलो का?"

त्या पंधरा दिवसांत पेंटरचा संसार टांगणीला लागला होता, हे गावाला ठाऊक नव्हतं. मला होतं. कारण त्या भानगडीत माझाही थोडा हात होता. आता वय झालंय, खरं बोलायला काय जातंय? थोडा नाही, निम्मा.

मी तेव्हा लातुरात एका फोटो स्टुडिओत लग्नाची व्हिडिओ शूटिंग करायचो. मूळचा नांदेडचा. स्टुडिओची पाटी रंगवायला हा माणूस सायकलवरनं आला. उंच, हडकुळा, डाव्या कानाच्या पाळीवर पिवळ्या रंगाचा कायमचा ठिपका. हेडमास्तरांच्या खिशाला पेन असतात तसे याच्या खिशाला तीन ब्रश. मी नांदेडचा आहे म्हटल्यावर तो शिडीवरूनच म्हणाला, "मी मुदखेडचा. म्हंजी आपन घरचेच." त्या दिवसापासून मी घरचा झालो. माझं नाव त्यानं कधीच विचारलं नाही. "ए कॅमेरा, जेवलास का?" हीच हाक शेवटपर्यंत.

त्याचा बाप मुदखेड जंक्शनला रेल्वेत होता. पेंटरची चित्रकला तिथंच सुरू झाली, मालगाडीच्या डब्यांवर, खडूनं. गाडी उभी असेपर्यंत काढायचं आणि निघाली की हात हलवून निरोप द्यायचा. "माझं पयलं प्रदर्शन मनमाडपासून शिकंद्राबादपर्यंत लागलं हुतं," असं तो सांगायचा. एकदा एक घोडा तीन महिन्यांनी परत आला, शेपूट पुसलेली. पेंटरनं त्याला नवी शेपूट काढून दिली आणि पुन्हा पाठवला. ही गोष्ट मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की घोड्याचा रंग मला तोंडपाठ होता, जरी तो पांढऱ्या खडूचा असला तरी.

लग्न झाल्यावर तो लातूरपासून तासाभरावरच्या एका गावात येऊन राहिला आणि पाट्या रंगवायला लागला. तेवढ्यात लातूर जिल्हा नवा झाला. गावोगावच्या पाट्यांवरचा जुना जिल्हा पुसून नवा लिहायचा, हे काम त्याला मिळालं. सायकलला डबे अडकवून तो वर्षभर फिरत होता. "कलेक्टर मागून आले. जिल्हा आदी मी लावला," हे तो बसमध्ये अनोळखी माणसांनासुद्धा सांगायचा. एका गावात भर उन्हात त्याला कुणी पाणी विचारलं नाही. त्यानं त्या गावची पाटी तशीच सोडली. दोन वर्षं ते बिचारं गाव जुन्याच जिल्ह्यात होतं. शेवटी गावातल्या चार म्हाताऱ्या माणसांनी येऊन, त्याला घेऊन जाऊन, चहा पाजून आपलं गाव नव्या जिल्ह्यात आणून बसवलं.

पाट्यांचा पिवळा आणि काळा रंग उरायचा. उरायचा म्हणजे पेंटर उरवायचा. आणि तो रंग कुठं जायचा, हे पुढची काही वर्षं कुणाला कळलं नाही. तो जमिनीखाली जात होता.

झालं असं की दुष्काळात विहिरी आटल्या. कुणाची तरी बादली तळाला राहिली होती, ती काढायला हडकुळा म्हणून पेंटरला उतरवलं. खाली गार होतं. भिंत छान गिलावा केलेली, चारी बाजूंनी कोरी. आणि मुख्य म्हणजे वरून कुणी "अक्षर वाकडं आलंय" म्हणायला नव्हतं. पेंटर बादली घेऊन वर आला आणि दुसऱ्या दिवशी रंग घेऊन पुन्हा उतरला.

"वरचं समदं सरकारचं," तो मला म्हणाला होता. "खालचं माझं."

निजामाच्या राज्यात भूमिगत राहून लढलेली माणसं आमच्याकडं तेव्हा गावोगाव होती, त्यांना मोठा मान. पेंटर स्वतःला भूमिगत कलावंत म्हणवून घ्यायचा. कुठल्याशा कचेरीत एका भोळ्या बाबूनं त्याला खुर्ची देऊन स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनचा अर्ज भरायला बसवलं. "किती वर्षं भूमिगत होता?" बाबूनं विचारलं. पेंटर म्हणाला, "आजून हाय. दुपारचं."

दुपारचंच, कारण विहिरीत ऊन सरळ उतरतं ते बारा ते साडेबारा. अर्ध्या तासात माणूस काय काढणार? म्हणून पेंटरनं युक्ती केली. त्याच्या बायकोचं पत्र्याचं कपाट होतं, माहेरहून धर्माबादेहून आलेलं, दारावर हातभर लांब आरसा. रोज अकरा वाजता पेंटर त्या आरशाचे चार स्क्रू काढायचा, आरसा वाकळीत गुंडाळायचा, सायकलला बांधायचा. विहिरीच्या काठावर दगडांनी टेकवून ऊन आत पाडायचं. ऊन सरकलं की दहा मिनिटांनी वर चढून आरसा फिरवायचा, पुन्हा उतरायचं. तीन वाजता घरी येऊन चार स्क्रू पुन्हा बसवायचे.

आता सांगा, पाट्या रंगवणाऱ्याला आरसा कशाला लागतो? वहिनींनी विचारलं तर तो म्हणायचा, "कामाला." गल्लीतल्या बायकांना मात्र उत्तर सापडलं होतं. भर दुपारचा बाप्या आरसा घेऊन जातो, तो कुणाच्या तरी घरी जातो. त्यात हातात आरसा आला की माणूस भांग पाडतोच. पेंटर विहिरीत उतरण्याआधी केस विंचरायला लागला होता, तसाच घरी यायचा. यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे?

वहिनी तोंडानं तिखट. धर्माबाद तेलंगणाच्या काठावर, त्यामुळं राग चढला की तेलुगूत शिरायच्या. पेंटरला तेलुगू येत नव्हतं, म्हणून त्यांचं भांडण कधी पूर्ण व्हायचं नाही. त्या दिवशी मात्र त्या शुद्ध मराठीत बोलल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मी तिथंच भाकरी खात बसलो होतो.

"कोन हाय ती, सांगा. न्हाईतर मी धर्माबादला जाते. कपाट बी नेते."

पेंटर म्हणाला, "कोन न्हाई. मी विहिरीत चित्रं काढून राहिलो."

"विहिरीत? विहिरीत कोन चित्र काढतंय?"

"मी."

"कोन बघतंय?"

पेंटर "चल, दावतो" म्हणाला, तर वहिनी म्हणाल्या, "मी एकटीनं विहिरीवर गेले तर गाव म्हनंल, बाई जीव द्यायला निघाली. तुमच्या संगं गेले तर म्हनंल, ह्यो ढकलायला नेऊन राहिला." यात तथ्य होतं. गाव तसंच म्हणालं असतं.

तेव्हा पेंटर माझ्याकडं वळला. काही दिवसांपूर्वी गावात सरकारी गाडी येऊन शाळेच्या भिंतीवर विष्णुपुरीच्या धरणाचा माहितीपट दाखवून गेली होती. पेंटरच्या डोक्यात ते बसलं होतं. "धरनाचा माहितीपट निघतो. माझा कामून न्हाई? माझ्या जिंदगीचा काढायचा. मीच सांगनार, मीच दावनार. तू निस्तं बटन दाबायचं." आणि वहिनींना म्हणाला, "पंधरा दिस दे. समदं पडद्यावर बघ. मग जायचं तर जा."

वहिनींनी पंधरा दिवस दिले. आता तुम्हाला कळलं असेल, तो धोंडीला काय मागत होता.

दुष्काळात लग्नं कमी, कॅमेरा रिकामाच होता. पण आमचे मालक मोठे कडक. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, कॅमेऱ्यालाही रोज उदबत्ती. कॅमेऱ्यात उजेड किती घ्यायचा याचं एक बटण असतं. मालकांनी ते मांडवातल्या अंधुक उजेडाला लावून त्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी मारली होती. "हिला हात लावलास तर स्टुडिओत पाय ठेवायचा न्हाई." मी बापजन्मी हात लावला नसता.

पेंटरचा आग्रह असा की माहितीपट जन्मापासून पाहिजे. जन्म दाखवता येत नाही म्हटल्यावर आम्ही मुदखेडला गेलो. तिथं फलाटावरच्या छपराखाली उभा राहून त्यानं मालगाडीवर घोडा काढला. रेल्वेचा माणूस ओरडत धावून आला. पेंटर मला म्हणाला, "हे बी घे. कलावंताला तरास किती, ते दिसू दे."

मग विहिरी. कमरेला दोर बांधून मला खाली सोडायचा, वर आरसा लावून स्वतः उतरायचा. मला विहिरीची भीती, मी निम्मा वेळ देवाचं नाव घेत होतो. पण चित्रं मी या डोळ्यांनी पाहिली. पहिल्या विहिरीत मालगाडी, भिंतीभोवती गोल फिरून आपल्याच शेवटच्या डब्याला गाठणारी. दुसऱ्या विहिरीत नव्या जिल्ह्याचा सोहळा: व्यासपीठ, खुर्च्या, हार घातलेली मोठी माणसं. खाली कोपऱ्यात लिहिलेलं, 'सरकारी मदतीने'. "पानी आलं की आदी पाय बुडतेत," पेंटर समजावत होता, "मग हार, मग टोप्या. चार दिसांत समदा जिल्हा पान्याखाली." तिसऱ्या विहिरीत गावची जनावरं होती, छावणीत पाठवलेली. कुणाची ठेंगणी गाय, कुणाचा एकशिंगी बैल, सगळी ओळखू येत होती, खाली मान घालून ओळीनं उभी. "भरली की पोटभर पितील," एवढंच तो म्हणाला. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू?

चौथ्या विहिरीत तळाजवळ भिंतीवर बारदान टांगलेलं होतं. त्याला मला हात लावू दिला नाही. "हे आजून व्हायचंय. शेवटच्या दिशी घिऊ."

शेवटचा दिवस आलाच नाही. बाराव्या दिवशी भर दुपारी आभाळ फुटलं. गाव रस्त्यावर नाचत होतं आणि हा माणूस सायकलवरून आरसा घेऊन चिंब भिजून घरी आला, दोन्ही हात पिवळे. "तीन दिस आदी आला," तो म्हणाला. "पन काम झालं." आठवड्यात चारही विहिरींना पुरुषभर पाणी होतं.

मालक जत्रेला गेले त्या दुपारी मी दोघांना स्टुडिओत बोलावलं. खिडकीला चादर लावली. वहिनी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर ताठ बसल्या, मांडीवर माहेरची पिशवी. कॅसेट लावली. मुदखेडचं छप्पर दिसलं, सावलीतला पेंटर दिसला, घोड्याचं डोकं दिसलं. वहिनी जरा पुढं सरकल्या. मग विहीर सुरू झाली आणि पडदा पांढरा झाला.

नुसता पांढरा. आणि त्यातून पेंटरचा आवाज, "ही पयली इहीर. हितं आगगाडी हाय. इंजन बघा, इंजन." पांढरं. "ही दुसरी. हे पाव्हने. टोप्या बघा." पांढरं. "ही आपली जनावरं." पांढरं. मांडवातल्या अंधुक उजेडाला लावलेलं बटण, आणि वरून आरशानं ओतलेलं ऊन. कॅमेऱ्याच्या भोकातून मला सगळं पांढुरकंच दिसत होतं, पण ते भोक नेहमीच तसं दाखवायचं. चिकटपट्टीखाली बोट घालायची माझी छाती झाली नव्हती.

वहिनींनी कॅसेट शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाल्या, "छान आलंय. पांढरं लई छान आलंय."

मी पाया पडायचाच राहिलो होतो. चिकटपट्टी दाखवली, शपथा घेतल्या. "वहिनी, चित्रं आहेत. मी डोळ्यांनी पाहिलीत."

"तुमी त्यांचेच, भावजी. दोघांनी मिळून केलं."

"तीन विहिरी तर नक्की पाहिल्यात मी."

"आन् चौथी?"

मी पेंटरकडं बघितलं. पेंटर हसत होता. त्याचा संसार चालला होता आणि हा गृहस्थ हसत होता. वहिनी उठल्या. "चौथ्या विहिरीत कोन हाय?"

"ते सांगायचं न्हाई," पेंटर म्हणाला. "बघायचं."

वहिनींनी पिशवी उचलली, दारापर्यंत गेल्या, थांबल्या. "मग मी बी जात न्हाई. तिला बघितल्याबिगर जायची न्हाई. आटू द्या विहीर."

त्या दिवशी मी त्या बाईला मनातल्या मनात दंडवत घातला. पेंटरनं तर बस स्टँडवर आम्हा दोघांना भजी खिलवली.

पण विहीर आटेना. पुढच्या वर्षी रोजगार हमीवर तिच्या वरच्या अंगाला पाझर तलाव झाला आणि चौथीचा तळ नंतर कुणी पाहिला नाही. बाकीच्या तिन्ही हळूहळू गाळानं बुजल्या. पेंटर पाट्या रंगवत राहिला, आरसा कपाटावर राहिला. मी स्वतःचा स्टुडिओ टाकला, बटणाला कधी चिकटपट्टी लावली नाही. त्यांच्या घरी गेलो की तोच खेळ चालू असायचा. पेंटरला यायला उशीर झाला की वहिनी विचारायच्या, "गेला हुता का चौथीकडं?"

"हाव."

"कशी हाय?"

"बरी हाय. तुला इचारत हुती, कशी हाय म्हनून."

तीस वर्षं हे चाललं. पाहुण्यांदेखत चाललं, सुनेदेखत चाललं. शेवटी पेंटर आजारी पडला. वहिनी उशाशी बसलेल्या, मी पायाशी. त्यांनी हळूच विचारलं, "आता तरी सांगा, कोन हाय." तो म्हणाला, "दुष्काळ पडू दे." दोन दिवसांनी गेला. "मरताना बी दुष्काळ मागितला बघा," वहिनी मला म्हणाल्या, आणि मग खूप वेळ रडल्या.

त्यानं मागितलेला दुष्काळ पडला. लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली ते वर्ष. तलाव कोरडा पडला. एके सकाळी वहिनींचा फोन आला. "भावजी, चौथी आटली."

मी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. सून नको नको म्हणत होती आणि वहिनी कपाटासमोर बसून स्क्रू काढत होत्या. चौथा गंजला होता, तो मी काढला. आरसा वाकळीत गुंडाळला.

"गाव काय म्हनंल, वहिनी?" मी चिडवलं.

"काय म्हनंल? ह्या वयात कोन जीव द्यायला जातंय."

विहिरीपाशी त्यांना काठाच्या दगडाला धरून उभं केलं. मी सवयीनं मोबाइल काढला. "ते ठिवा खिशात," त्या म्हणाल्या. "तुमच्यानं पांढरं येतंय." मी ठेवला आणि आरसा धरला. उन्हाचा तुकडा भिंतीवर पडला. शेवाळ. गाळ. पोपडे. तो तळाजवळ नेला आणि पिवळा रंग दिसला.

काळ्या दगडांचा गोल काठ काढलेला होता, विहिरीतून वर पाहिल्यावर दिसतो तसा. त्या काठावरून एक बाई वाकून खाली बघत होती. पदर खोचलेला, एक हात कमरेवर, भुवया चढलेल्या. आरसा शोधत आलेली. खाली कोपऱ्यात हडकुळा माणूस, पाठीमागं आरसा लपवून उभा, भांग पाडलेला. निम्मं शेवाळानं खाल्लं होतं, पण ती बाई शाबूत होती, पस्तिशीची.

मी वहिनींकडं पाहिलं. काठावर वाकलेल्या, एक हात कमरेवर.

"नाक मोठं काढलंय," त्या म्हणाल्या.

बराच वेळ दोघी एकमेकींकडं बघत होत्या. ऊन सरकलं तसा मी आरसा फिरवत राहिलो, दर दहा मिनिटांनी, तो फिरवायचा तसा. मग वहिनींनी डोळ्याला पदर लावला, पुन्हा वाकल्या आणि शेजारणीशी बोलावं तशा खाली बघून म्हणाल्या,

"बरी हाय मी. इचारत हुतीस न्हवं?"